बेकरी घरात आली

गेल्या पावसाळ्यात आमच्या मालवणच्या घरात चक्क एक बेकरी शिरली, तीही पुस्तकाच्या रूपाने. पूजा धिंग्रा यांनी पॅरिसला शिकून २०१० साली मुंबईत 'ले १५' हे दुकान काढले आणि २०१४ साली 'द बिग बुक ऑफ ट्रीट्स' हे कृतींचे पुस्तक लिहिले. बेकरीवाल्याने आपली विद्या मापासकट छापून द्यावी, याचे आम्हांला मोल वाटते. विद्या कुलपात ठेवण्याची रीत कोणी किती भोगली, हे आपणांस सांगणे नको.

पुस्तक वाचून आमच्या मुलीने मॅकरॉनचा हट्ट धरला. बदामाची पूड, दळलेली साखर आणि फेटलेला अंड्याचा पांढरा भाग, एवढेच साहित्य. पण बिस्किट मोठे मानी. ट्रेवर गोळे घातले की त्यांवर कोरडी साय धरावी लागते, मगच ओव्हनमध्ये ठेवायचे. आषाढातल्या दमट हवेत साय धरेना. आम्ही घाई केली आणि सगळी फुटली. आमच्यातल्या कारकुनाने पावशेर बदाम नुकसानीत मांडले. पत्नी म्हणाली, "बदाम फुकट जाऊक नाय, चेडू शिकलां!"

पौषात हवा कोरडी झाली, तेव्हा चोविसांपैकी पंधरा साधली. उरलेल्या बलकांचे काय करावे, याचे उत्तर शेजारच्या गोव्याने केव्हाच दिले आहे : बेबिंका. बलक, नारळाचे दाट दूध, साखर, मैदा. तूप सोडून एकेक थर घालायचा, वरून आच द्यायची, तांबूस झाला की पुढचा. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवीत. आम्ही ओव्हनची फक्त वरची सळई चालू ठेवली. या पदार्थाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

खरी परीक्षा पुढेच होती. मुलीने तीन घरी ताटल्या पाठवल्या.

बेकरीचा पाव कोणी भाजला, हे आज कोणी विचारीत नाही. एके काळी विचारीत. मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेत शिरताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जात मोडल्याची ती खूण. सभाही गुप्तपणे भरे. आता तोच पाव घरोघरी चहात बुडतो. पण आमच्या घरची ताटली?

दोन ताटल्या धुऊन आल्या, एकीत खोबऱ्याच्या वड्या होत्या. तिसरी जशीच्या तशी परत आली. "आमच्यात अंडे चालत नाही." न चालणे हा त्यांचा हक्क. मात्र गेल्या वाढदिवसाला त्याच घरी बाजारचा केक कापला, तेव्हा त्यात अंडे आहे काय, हे कोणी विचारले नव्हते.

मुलगी खट्टू झाली. आम्ही म्हणालो, "आता आपले धोंडस कर. काकडी, रवा, गूळ, खोबरे, अंडे नाहीच. आणि त्याच घरी पाठव. ताटली रिकामी आली तर आनंद. भरलेली आली, तर निदान अंड्यावरचा आळ तरी जाईल."

तिने सगळ्या कृती मराठीत वहीत उतरवल्या आहेत, ग्रॅमच्या मापात. कारण ओव्हनपुढे अंदाज चालत नाही. वही आईने वाचली, आता वस्तीत फिरते आहे. ती कुलपात ठेवायची नाही, असे घरात ठरले आहे.

धोंडसाची ताटली येत्या रविवारी जाईल.