प्रगतिपुस्तकातील प्रगती

तिसरीतील मुलास दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता यावा, ही अपेक्षा अवास्तव आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि ‘असर’ या पाहणीनुसार २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी अवघी २७.३ टक्के मुले या कसोटीस उतरली. महामारीत शाळा बंद राहिल्या आणि २०२२ साली हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ साली ते २७.१ वर आले. दोन वर्षांत एवढी झीज भरून काढणाऱ्या शिक्षकांचे अभिनंदन करणे उचितच होय. परंतु ज्या पातळीवर आपण परत पोचलो, ती पातळी चारांपैकी जवळजवळ तीन मुलांना उतारा वाचता न येण्याची होती, याचा विसर पडून कसे चालेल? या आकड्यांत खाजगी शाळांतील मुलेही आहेत. तेव्हा पाहणी ग्रामीण असली, तरी फीची पावती हाती घेऊन निश्चिंत झालेल्या शहरी पालकाने हा प्रश्न आपला नव्हे असे मानू नये.

असे मूल तिसरीपर्यंत येते कसे? वर्ग धडा एकमुखाने म्हणतो आणि त्या सुरात न वाचणाऱ्याचा आवाजही मिसळून जातो. बाहेरून ऐकणाऱ्यास शिक्षण झडझडून चालले आहे असे वाटते. ओळीच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हे काय?’ असे विचारले म्हणजे मग खरा प्रकार उघडकीस येतो. मुलास अक्षरे ओळखू येतात, पण काना-मात्रा लागताच ते अडखळते आणि जोडाक्षरापाशी थांबते. गणितातील शाब्दिक उदाहरण त्याला सुटत नाही, कारण ते त्याला वाचताच येत नाही. वजाबाकीचा दोष त्यात नसतो. पुस्तक मात्र पुढे सरकत राहते, कारण ‘पोर्शन’ संपविण्याची जबाबदारी गुरुजींवर आहे. ज्याला वाचता येते तो दरवर्षी अधिक शिकतो आणि ज्याला येत नाही तो दरवर्षी अधिक मागे पडतो. प्रगतिपुस्तकात दोघांपुढेही ‘समाधानकारक’ असाच शेरा असतो!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणास नापास करू नये असे ठरविले, हे सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून लागेल ते जादा अध्यापन करण्याचे कर्तव्य शिक्षकावर सोपविले आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. नापास न करणे म्हणजे न तपासणे, असा सोयीस्कर अर्थ लावण्यात आला. आता २०१९ च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षांचा निर्णय घेतला. आमचा त्यास विरोध नाही. पण दुसरीत हरवलेल्या मुलाचा शोध पाचवीत लावणे, हा उशिरा आलेला पंचनामा झाला; उपचार नव्हे.

सर्व दोष शिक्षकाच्या माथी मारण्याची प्रथाही आम्हांस मान्य नाही. कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकास देऊ देते. प्रत्यक्षात पोषण आहाराचे हिशेब, नाना प्रकारची माहिती भरणे आणि उपक्रमांची छायाचित्रे वर पाठविणे यांत त्याचे किती तास जातात, हे शिक्षण खात्यास ठाऊक नाही काय? द्विशिक्षकी शाळेत तर एकाने हा व्याप सांभाळला, की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. निकालाप्रमाणे वेतन वा अनुदान द्यावे, असेही एक मत अधूनमधून डोके वर काढते. इंग्लंडने १८६२ साली नेमका हाच प्रयोग आरंभिला आणि पोपटपंचीस ऊत आणून शतक संपण्यापूर्वी तो सोडून दिला. आपल्याकडेही दिपोटीसाहेबांच्या भेटीपुरती तयार केलेली उत्तरे मागील पिढ्यांनी पुष्कळ ऐकली.

उपाय अज्ञात नाही. रोज एक तास यत्तेची भिंत बाजूस सारावी आणि कोणास अक्षर येते, कोणास शब्द, कोणास वाक्य, याप्रमाणे मुलांचे गट करून त्यांना तेथून पुढे शिकवावे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ही रीत देशभर नेली. वर उल्लेखिलेली पाहणीही याच संस्थेच्या पुढाकाराने चालते. यास नवी इमारत लागत नाही की संगणककक्ष लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा अखंड असा एक तास, आणि नेमका तोच त्यास मिळत नाही.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास अर्थ कळून वाचता यावे, यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ योजना आखली आणि तिला २०२६-२७ ची मुदत घातली. ती मुदत कागदावर पाळली जाण्याचा धोका मोठा आहे. म्हणून शिक्षण खात्यास आमची सूचना अशी की, केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा प्रथम भराव्यात आणि शाळाभेटीस आलेल्या केंद्रप्रमुखाने दप्तर मागण्यापूर्वी दुसरीच्या वर्गात जमिनीवर बसावे. तेथे दहा मुलांना, एकेकट्याने, न शिकविलेला एक परिच्छेद वाचावयास द्यावा, आणि त्यातील किती जणांना तो वाचता आला ही संख्या शाळेच्या फळ्यावर पालकांना दिसेल अशी लिहून मगच परतावे.