गाणे फुकटचे नव्हे

चितेगावाजवळ पैठण रस्त्यावरील एखाद्या खानावळीत शिरावे, तो भावगीत नाही तर लावणी चालूच. मालकास हटकले की उत्तर ठरलेले: मोबाइलचे पैसे दरमहा भरतो, आता आणखी कसले? हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही. स्वतः ऐकणे निराळे, गिऱ्हाईक रमविणे निराळे. आचाऱ्यास पगार द्यावा आणि गीतकारास मात्र नुसत्या वाहवेवर वाटेस लावावे, हा कोठला न्याय? 1957 च्या प्रताधिकार कायद्याची सवलत धर्मविधीस आहे, वरातीस आहे, लग्नाच्या सोहळ्यास आहे. खानावळीच्या गल्ल्यास नव्हे. 2012 च्या दुरुस्तीने तर गीतकार-संगीतकारांस आपला वाटा वारस वा प्रताधिकार संस्था सोडून अन्य कोणास लिहून देण्याचीही सोय ठेविली नाही.

परंतु वसुली करणाऱ्यांसही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. हक्कधारक कंपनीस नोंदणीकृत संस्था नसतानाही परवाने देता येतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये म्हटले. दिल्लीच्या खंडपीठाने एप्रिल 2025 मध्ये उलट सांगितले, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर एकास पैसे भरून दुसऱ्याची नोटीस आली, तर खानावळवाल्याने हात कोणापुढे जोडावे? पैसे मागणाऱ्याने आपली गाणी कोणती, याची यादी पावतीसोबतच द्यावी, आणि तीही मराठीतून; इंग्रजी कराराचा अर्थ सांगावयास चितेगावच्या गल्ल्यावर वकील बसलेला नसतो.