वेग पंचवीसचा, पण डोके तेच

लायसन्स नको, नंबरप्लेट नको, हेल्मेट नको. कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरची विक्री बहुतांशी या तीन गोष्टींवर चालते. दहावीची परीक्षा संपलेली मुले तिच्यावरून क्लासला जातात, निवृत्त गृहस्थ भाजी आणि औषधे आणतात, गृहिणी मुलांना शाळेत सोडतात. क्लच नाही, गिअर नाही, किक नाही. मूठ पिळली की गाडी सुरू. शहरात फिरण्याची इतकी सोपी आणि गमतीची सोय आधी नव्हती. मात्र यातला तिसरा ‘नको’ कायद्याने मान्य केला असला, तरी वैद्यकशास्त्राला तो मान्य होण्यासारखा नाही.

आधी कायदा समजून घ्यावा. बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटारची क्षमता २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती ‘मोटार वाहन’ ठरत नाही. साहजिकच नोंदणी, परवाना आणि हेल्मेटची सक्ती तिला लागू होत नाही. सायकलला थोडा जोर देणाऱ्या वाहनांना सरकारी कागदांच्या फेऱ्यातून सोडवणे, हा या सवलतीमागचा विचार चुकीचा नव्हता. पण कागदांची सवलत मिळाली म्हणजे इजा होणार नाही असे प्रमाणपत्र मिळाले, असा अर्थ लोकांनी लावला. खरी गफलत इथे झाली.

इलेक्ट्रिक दुचाकीला नाके मुरडण्याचे कारण नाही. सिग्नलला उभी असताना ती धूर सोडत नाही. दमेकरी आणि लहान मुले याच चौकांतून ये-जा करतात, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. तिचा आवाज नाही, खर्च कमी. गुडघे दुखतात म्हणून जुनी जड स्कूटर विकून घरी बसलेल्या अनेक ज्येष्ठांना या हलक्या गाडीने पुन्हा बाहेर काढले आहे. मित्रांकडे जाणे, बागेत फेरी मारणे, नाटकाचे तिकीट काढून येणे हा आनंद औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, पण तब्येतीला तो लागतोच. म्हणून प्रश्न ही गाडी चालवावी की नाही हा नाही. ती खेळणे समजून चालवायची का, एवढाच प्रश्न आहे.

‘पंचवीसच्या वेगाने पडून काय होणार?’ असे सहज विचारले जाते. याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे अडीच मीटर उंचीवरून खाली पडणे. पोटमाळ्यावरून डोक्यावर पडण्याची कल्पना केली, तर हा वेग किरकोळ वाटणार नाही. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. गाडी जवळजवळ उभी असताना कलंडली आणि डोके थेट रस्त्यावर आले, तरी त्या क्षणी त्याचा खाली येण्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग गुरुत्वाकर्षण देते, मोटार देत नाही. त्यामुळे गाडी किती हळू होती, याचा डोक्याला फारसा उपयोग होत नाही.

अशा गाड्यांची चाके बहुधा लहान असतात. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. मोठे चाक जो खड्डा ओलांडून जाते, त्यात लहान चाक अडकते. विजेची मोटार सुरुवातीलाच पूर्ण जोर देते. नवशिक्याने घाबरून मूठ सोडण्याऐवजी पिळली, की गाडी उसळते. आवाज नसल्याने पाठीमागून आलेली गाडी पादचाऱ्याला कळत नाही. आणि रस्ता या गाडीचा एकटीचा नसतो. शेजारून बस आणि डंपर जातात, त्यांचा वेग पंचवीसवर बांधलेला नाही.

डोके आपटते तेव्हा कवटी थांबते, पण आतल्या द्रवात तरंगणारा मेंदू लगेच थांबत नाही. तो आतून हाडावर आदळतो, रक्तवाहिन्या ताणल्या जातात. हेल्मेटमधला फोमचा थर स्वतः चेपला जातो आणि थांबण्याची क्रिया काही सहस्रांश सेकंदांनी लांबवतो. तेवढ्याने मेंदूवरचा आघात पुष्कळ कमी होतो. कॉक्रेन या संस्थेने मोटारसायकल हेल्मेटवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी कमी होतो. दुसरीकडे, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांत जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती.

ही गाडी सर्वाधिक वापरणारे दोन गट आहेत, एक कोवळ्या मुलांचा आणि दुसरा ज्येष्ठांचा. धोकाही नेमका याच दोघांना अधिक. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. ती फाटली तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. अशी मुले अनेकदा पडल्यावर उठतात, कपडे झटकतात, ‘काही नाही झालं’ म्हणत घरी येतात. काही तासांनी डोके प्रचंड दुखते, उलट्या होतात आणि ती गुंगीत जातात. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर मूल पूर्ण बरे होऊ शकते. ‘झोपू दे जरा’ म्हणून रात्र घालवली, तर ते हातचे जाऊ शकते.

ज्येष्ठांचे वेगळे. वयानुसार मेंदू किंचित आक्रसतो, त्याला आवरणाशी जोडणाऱ्या नीला ताणलेल्या असतात. साध्या धक्क्यानेही त्या फाटतात आणि रक्त थेंबाथेंबाने साठत राहते. पडल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी चालताना तोल जातो, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे समजतात, वय झाले. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. ज्या वयात या गोळ्या चालू होतात, त्याच वयात ही हलकी गाडी घेतली जाते, हे विसरून चालणार नाही.

त्यात वेगाशी छेडछाड करणारे आहेतच. कंपनीने घातलेली वेगमर्यादा काढून गाडी चाळीस-पंचेचाळीसने पळवून दिली जाते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाला अशा गाड्यांविरुद्ध मोहीम हाती घ्यावी लागली. पंचवीसचा वेग पंचेचाळीस झाला की आघाताची ऊर्जा सव्वातीन पट होते. ब्रेक आणि सांगाडा मात्र जुन्या वेगाचेच राहतात. शिवाय अशी गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते. अल्पवयीन मुलाच्या हाती ती सापडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाच्या हट्टासाठी ही तडजोड करणाऱ्या पालकांनी हा हिशेब एकदा मांडावा.

हेल्मेटबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. उन्हाळ्यात घाम येतो, केस बिघडतात, गाडीवरून उतरल्यावर ते सांभाळायचे कुठे हा प्रश्न असतो. पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की वाद पेटतो तो उगाच नाही. पण घामाला आत घालायची सुती टोपी हा उपाय आहे, सांभाळण्याला सीटखालचा हूक आहे. फुटलेल्या कवटीला असा स्वस्त उपाय नाही. ‘इथेच तर जायचंय’ हे कारण तर अजिबात टिकत नाही, कारण ही गाडी घेतली जाते तीच इथल्या इथे जाण्यासाठी.

म्हणून सरकारने नोंदणी आणि परवान्याची सवलत हवी तर ठेवावी, पण हेल्मेटची सवलत काढून घ्यावी. वाहन कोणत्या वर्गातले आहे यावर नव्हे, तर मोटारच्या जोरावर चालणाऱ्या दुचाकीवर माणूस बसला आहे का, यावर हेल्मेटचा नियम ठरावा. विक्रेत्याने किल्लीसोबत आयएसआय खुणेचे हेल्मेट द्यावे. शाळा आणि क्लासचालकांनी हेल्मेटशिवाय आलेली गाडी आवारात घेऊ नये. नियम होईपर्यंत घरात नियम करायला कोणाची परवानगी लागत नाही.

हेल्मेट डोक्यावर घट्ट बसणारे असावे, पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण आतला फोम एकदाच कामाला येतो. पडल्यानंतर वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, हाता-पायात कमजोरी, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होणे, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने तर डोके आपटल्यावर लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावे, आणि ती गोळी चालू आहे हे आवर्जून सांगावे.