गाणं दिसू द्या

"अगं, गाणं ऐकायचं असतं, बघायचं नसतं. रियाजाचा वेळ या उद्योगात कशाला घालवतेस?"

एका घरगुती मैफलीनंतर चहा घेताना एका जाणत्या गृहस्थांनी एका तरुण गायिकेला हे सुनावलं. ती स्वतः चाली बांधते, स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रण करते, कुठल्याही कंपनीशी बांधलेली नाही. पुढच्या तीन गाण्यांचे व्हिडिओ करायचं मनात आहे, एवढंच ती बोलली होती. आजूबाजूच्या माना डोलल्या आणि तिने विषय बदलला. त्या गृहस्थांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते मुकाट्याने मान्य केलं तर नुकसान तिचं होणार आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. त्याचे चार आक्षेप आहेत. एक, गाणं ही कानाची कला. डोळ्यांना काम दिलं की कान झोपतात. दोन, बरा व्हिडिओ करायला पैसा लागतो आणि स्वतंत्र कलावंताकडे तोच नसतो. तीन, इंटरनेटवर सगळं फुकट जातं. जाहिरातीतून मिळतं ते चहापाण्यालाही पुरत नाही. चार, ज्या ॲपच्या जिवावर हे चालतं ते परक्याचं. आज आहे, उद्या नाही, आणि त्याच्यासाठी गाणं तीस सेकंदांत कोंबावं लागतं. यातला एकही आक्षेप पोकळ नाही. शेवटच्या दोहोंत तर बरंच तथ्य आहे. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष, गाणाऱ्याने कॅमेऱ्यापासून लांब राहावं हा, मात्र टिकत नाही.

पहिला आक्षेप परंपरेच्या नावाने केला जातो, म्हणून परंपरेलाच साक्षीला बोलावू. पहाटे दारात येणारा वासुदेव मोरपिसांची टोपी घालतो ती कशासाठी? कीर्तनकार उभा का राहतो, पोवाडा गाताना शाहिराचा हात डफावरून वर का जातो? अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यातली पदं लोकांनी रंगमंचाकडे बघतच ऐकली. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा वजा करून त्यातले अभंग आठवून पाहा. बैठकीतसुद्धा समेवर येताना गायक तबलजीकडे कसा बघतो, हे पुढच्या रांगेतला श्रोता टिपत असतोच.

गाणाऱ्यापासून आवाज तोडून वेगळा केला तो तबकडीने. गौहर जान यांनी कलकत्त्यात १९०२ साली ध्वनिमुद्रण केलं. आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत त्यांची गणना होते. म्हणजे नुसत्या कानांनी ऐकायचं गाणं आपल्याकडे जेमतेम सव्वाशे वर्षांचं आहे आणि ते यंत्राने दिलेलं आहे. त्या यंत्राचे उपकार थोर आहेत, पण त्याच्या मर्यादेला परंपरा म्हणू नये.

तीस सेकंदांच्या तक्रारीचं उत्तरही त्याच तबकडीत आहे. तिच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावत असे. तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे कलेचा खून, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. पण मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत जे गाऊन ठेवलं, त्याच्या बळावर त्यांचं गाणं आजही घराघरांत ऐकू येतं. त्या तबकड्यांनी ख्याल मारला नाही, उलट बैठकीपर्यंत माणसं आणली. छोटी चित्रफीत हा उंबरठा आहे. उंबरठ्यावरच घर संपवलं तर दोष बांधणाऱ्याचा.

आता पैशाचं. 'ओके गो' नावाच्या अमेरिकी बँडने २००६ साली आठ ट्रेडमिलवर नाचत एका गाण्याचा व्हिडिओ केला. गायकाच्या बहिणीच्या घरी, एकच कॅमेरा जागेवर ठेवून, मध्ये कुठेही न कापता. मनासारखा एक सलग तुकडा मिळायला सतरा प्रयत्न लागले. हा व्हिडिओ त्यांनी रेकॉर्ड कंपनीला न सांगता केला आणि न विचारता यूट्यूबवर टाकला. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' हे रॅप आयपॅडवरच ध्वनिमुद्रित केलं आणि त्याच आयपॅडवर चित्रित केलं. त्याच्यावर दिशा रिंदानी यांनी 'बॉम्बे ७०' हा माहितीपट केला. सत्तर हे कुर्ल्याच्या पिनकोडचे शेवटचे आकडे. नेझी आणि डिव्हाइन या रॅपरांच्या वाटचालीवरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट आला तो २०१९ मध्ये. आधी वस्तीतल्या पोराने स्वतःचं चित्र स्वतः काढलं, मोठा पडदा त्याच्या मागून आला. हा क्रम विसरू नये.

एक अनुभव सांगतो. माझा एक मित्र संबळ वाजवतो. घरात गोंधळाची परंपरा आहे. त्याच्या वादनाचा नुसता आवाज आम्ही बऱ्याच जणांना पाठवला होता. "छान" यापलीकडे कुणी काही कळवलं नाही. मग एका दुपारी त्याच्या माजघरात बसलो. पंखा बंद केला, आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या. एक फोन तांदळाच्या डब्यावर चित्रासाठी, दुसरा संबळाजवळ फक्त आवाजासाठी. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली. दोन्ही फोनवरची ती टाळी जुळवली की चित्र आणि आवाज आपोआप जुळतात. चौकटीत फक्त संबळाची जोडी आणि मित्राचे दोन हात घेतले. एका हातातली काडी टोकाशी वळलेली असते. ती चामड्यावर घासत गेली की संबळ घुमतो, दुसऱ्या हाताचे बोल त्यावर टपटप पडतात. चार मिनिटांचा हा व्हिडिओ पाहून लोकांनी फोन केले आणि पहिला प्रश्न विचारला: ती काडी अशी का? आवाज तोच होता. तो कुठून येतो हे दिसल्यावर कान उघडले. डोळ्यांना काम दिलं की कान झोपतात, हे मी तरी पाहिलेलं नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. 'पॉम्पलमूस' या अमेरिकी जोडीतला जॅक कॉन्टी २०१३ साली एका व्हिडिओसाठी सुमारे दहा हजार डॉलर खर्चून बसला. लाखो लोकांनी तो बघितला तरी जाहिरातीतून येणार ते जेमतेम शे-दोनशे डॉलर, हे त्याला दिसत होतं. त्याने व्हिडिओ करणं सोडलं नाही, हिशेब बदलला. श्रोत्याने कलावंताला थेट, नियमित पैसे द्यावेत यासाठी त्याने त्याच वर्षी एका साथीदाराबरोबर 'पॅट्रिऑन' सुरू केलं. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' बँडनेही असाच हिशेब मांडला. २०१० साली त्यांच्यावरचा जयदीप वर्मांचा माहितीपट 'लीव्हिंग होम' चित्रपटगृहांत लागला आणि त्याच वर्षी बँडने आपला नवा अल्बम एकेक गाणं करत इंटरनेटवर फुकट दिला. कार्यक्रमांवर चालणाऱ्या बँडला हे परवडतं, कारण गाणं पोचलं की मागणी येते ती गाणाऱ्याला.

व्हिडिओ हा विकायचा माल आहे असं धरलं तर धंदा तोट्याचाच. तो आमंत्रण आहे असं धरा. लग्नपत्रिकेतून कुणी नफा काढत नाही, पण तिच्यामुळे मांडव भरतो. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीतं गात पोट भरत होत्या. मोबाइलवर घेतलेल्या त्यांच्या गाण्याच्या चित्रफिती हातोहात फिरल्या आणि मग त्यांना व्यासपीठांवरून बोलावणी येऊ लागली. त्या चित्रफितींत सजावट काही नव्हती. एक बाई होती, एक तार होती आणि पोटातून आलेला आवाज होता.

चौथा आक्षेप परावलंबनाचा. तोही खरा. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉक बंद झालं आणि गावोगावच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्यांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केलं की लोकांनी तिथे बारा वर्षं चढवलेलं संगीत गेलं ते गेलंच. 'ओके गो'च्या कंपनीने त्यांचा व्हिडिओ इतरांच्या पानांवर लावायला बंदी केली, तेव्हा बघणारे नव्वद टक्क्यांनी घटले असं त्यांच्या गायकाने २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. पुढच्याच महिन्यात बँडने कंपनी सोडली आणि स्वतःची काढली.

यातून धडा मिळतो तो मालकीचा. मूळ चित्रीकरण आणि मूळ ध्वनिमुद्रण आपल्या घरी, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असलं पाहिजे. श्रोत्यांचे पत्ते आणि फोन नंबर, त्यांच्या संमतीने, आपल्या वहीत असले पाहिजेत. ॲप म्हणजे बाजाराचा ओटा. बाजार उठला तरी माल आणि गिऱ्हाईक आपलं राहावं.

कागदाचंही तसंच. ओळखीच्या एका शाहिरांनी कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीच्या कागदावर न वाचता सही केली होती. पुढे त्यांच्या मुलाने जत्रेतलं त्यांचं गाणं मोबाइलवर घेतलं, इंटरनेटवर टाकलं, तर त्या कंपनीने हक्क सांगितला आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळले. स्वतःच्या तोंडून स्वतःचं गाणं, आणि मालक दुसराच. हे टाळता येतं. आपला कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने तर चित्रपटासाठी लिहिणाऱ्या-चाल लावणाऱ्यांचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून सोडवून घेण्यालाच बंदी केली. "कायमचे, सर्व माध्यमांतले, जगभरातले" हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि कागद वकिलाला दाखवा.

इथवर खंडन झालं. मग कॅमेऱ्याने करायचं काय? माझं उत्तर एकच आहे: त्याने साक्ष द्यावी. भाड्याची गाडी, डोंगरावरचा ड्रोन आणि ओठ हलवणारा गायक, या चौकटीत मोठ्या कंपन्यांशी बरोबरी होत नाही आणि करूही नये. स्वतंत्र कलावंताकडे जे आहे ते दाखवावं. 'पॉम्पलमूस'ने स्वतःला घालून घेतलेले दोन नियम मला फार मोलाचे वाटतात: जे दिसतं तेच ऐकू यावं, आणि जे ऐकू येतं ते कधीतरी दिसावं. खोटे ओठ नाहीत, लपवलेला आवाज नाही. अशा व्हिडिओला लागतो तो रियाज. म्हणजे रियाजाचा वेळ वाया जाण्याचा प्रश्नच उरत नाही. कॅमेरा रियाजाचीच परीक्षा घेतो.

सिनेमा ही साक्ष आणखी खोलवर नेतो. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' चौदा वर्षं चित्रित केला. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून हा चित्रपट सुरू होतो आणि वस्त्यांमधल्या गाणाऱ्यांपर्यंत पोचतो. घोगरे त्याआधी पटवर्धनांच्याच 'हमारा शहर' मध्येही गायले होते. त्यांचा आवाज आणि चेहरा आज आपल्यापाशी आहे तो कॅमेऱ्यामुळे. ज्यांच्यासमोर कॅमेरा कधी ठेवला गेलाच नाही, असे किती शाहीर, किती ओव्या गाणाऱ्या आज्या आपण गमावल्या, याचा हिशेब लावताना जीव कासावीस होतो.

आणि सिनेमावाल्यांच्या दारात ताटकळण्याची गरज नाही. पुणे-मुंबईत लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांना संगीत हवं असतं आणि प्रसिद्ध गाणं त्यांना परवडत नाही. चित्रपटात गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात: गीत-चालीच्या मालकाची आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. स्वतः लिहून, चाल बांधून, स्वतःच्या पैशाने मुद्रण करणाऱ्याकडे दोन्ही असतात. तो एका सहीत परवानगी देऊ शकतो. मोठ्या कंपनीलाही हे सहज जमत नाही. अशा दिग्दर्शकाला गाणं द्या, मुदत आणि मोबदला लिहून घ्या, श्रेयनामावलीत नाव मागा.

त्या तरुण गायिकेला मी आता हे सांगेन: बाई, तीन व्हिडिओ कर. खोली शांत निवड, गाणं एका दमात गा, मूळ फाइल स्वतःकडे ठेव, न वाचता सही करू नकोस.

आणि वाचकहो, तुम्हाला विनंती. असा एखादा व्हिडिओ समोर आला तर तो शेवटपर्यंत पाहा, गाणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा, आणि त्याचा कार्यक्रम तुमच्या गावात असेल तेव्हा तिकीट काढून जा.