समासातली पेन्सिल

रमजानात ‘किती झाले?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. कुराणाचे तीस पारे रोज एक या हिशेबाने महिनाभरात वाचून पूर्ण करण्याची अनेकांची धडपड असते. श्रावणात पोथी लावणाऱ्या घरांना हा हिशेब नवा नाही. पारायणाचेही दिवस ठरलेले असतात. सलग वाचनाचे मोल आहेच. पण दोन्हीकडच्या परंपरांनी आणखी एक वाचन जपले होते. शब्दापाशी थांबायचे, अडायचे, शेजारी टीप लिहायची. साहित्याच्या वर्गातून नेमके तेच नाहीसे होत आहे.

जुन्या फार्सी-उर्दू ग्रंथांत पानाच्या मधोमध मूळ मजकूर असे, त्याला ‘मतन’ म्हणतात. भोवतीच्या मोकळ्या जागेत, कधी सरळ तर कधी तिरप्या ओळींत, टिपा असत. ती जागा म्हणजे ‘हाशिया’, मराठीत समास.

गालिबच्या दीवानातला अगदी पहिला शेरच पाहा. त्यात कागदी पोशाखाचा उल्लेख येतो. हा पोशाख कसला? गालिबने एका पत्रात स्वतःच खुलासा केला की, इराणात फिर्यादी कागदाचे कपडे घालून हाकिमापुढे जात. 1900 मध्ये नज्म तबातबाई यांनी दीवानावर शरह, म्हणजे भाष्य, लिहिले. त्यांनी हा खुलासा मानला नाही. असा रिवाज आपण कुठे पाहिला नाही की ऐकला नाही, असे सांगून त्यांनी शेरालाच निरर्थक ठरवले. गालिबच्या शेराला! त्यावर पुढच्या भाष्यकारांनी रागावून पुस्तक फेकून दिले नाही. त्यांनी जुन्या फार्सी कवींच्या रचना धुंडाळल्या, त्यात कागदी पोशाख शोधून काढला आणि तबातबाईंना उत्तर दिले. एका शब्दाच्या भांडणातून वाचकाला केवढे तरी मिळाले. तबातबाई चुकले असतील, पण ‘समजले नाही’ हे त्यांनी लिहून ठेवले म्हणूनच शोध सुरू झाला.

आजच्या विद्यार्थ्याला ही मुभाच नाही. ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ हा प्रश्न मुळात बारकाईने वाचायला लावणारा. पण त्याचे उत्तर गाईडमध्ये तयार मिळते आणि कविता न उघडताही गुण पडतात. मग मोबाईलवर गालिबच्या नावाने कोणताही भुक्कड शेर फिरतो आणि पदवीधर माणसे तो बिनदिक्कत पुढे पाठवतात. मूळ ओळींशी झटापट केलेली नसेल, तर खोटे ओळखायचे कशावरून?

एकनाथांनी हेच संकट वेगळ्या रूपात पाहिले होते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ग्रंथ शुद्ध करून घेतला आणि कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये, असे बजावले. मूळ ते मूळ आणि आपले मत ते बाजूला, ही शिस्त पैठणला होती तशीच हाशिया लिहिणाऱ्यांकडेही होती.

महाविद्यालयांनी सत्रात एक गझल किंवा वीसच ओव्या अशा वाचून घ्याव्यात. प्रत्येकाने समासात अडलेला शब्द, सुचलेला अर्थ आणि न पटलेली गोष्ट लिहावी. गुण त्या टिपांना द्यावेत. अभ्यासक्रम संपणार नाही, ही तक्रार येणारच. तसा तो आज संपतो म्हणजे काय होते, हेही एकदा पाहावे. वर्गात ऐंशी मुले असतील तर गट करता येतात, आणि दोन गटांचे एका शब्दावरून वाजले तर तो तास फुकट गेला असे कोणी समजू नये.

ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हा नियम योग्यच आहे. पानाची झेरॉक्स काढावी, चारी बाजूंनी ऐसपैस जागा सोडून. टिपा पेन्सिलीने लिहाव्यात, कारण पुढच्या वाचनाला त्यातल्या निम्म्या खोडाव्या लागतात.