खांदा बदलला, पुढचे सहा महिने?

गुडघा बदलणे आता आमच्या काशीद-मुरूडकडे नवे राहिलेले नाही. खांदाही बदलतात म्हटले की मात्र लोक चकित होतात. खरे तर पॅरिसमध्ये १८९३ सालीच कृत्रिम खांदा बसवला गेला होता. पडून हाडाचा चुरा झालेल्या किंवा आतले स्नायू फाटलेल्या वृद्धांना आज बरेचदा 'उलटा' सांधा बसवतात. गोळ्याच्या जागी खोबण, खोबणीच्या जागी गोळा. मग हात उचलण्याचे काम खांद्यावरचा मोठा स्नायू करतो. पण त्याला ते शिकवावे लागते आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही.

माझ्या फुफी ७२ वर्षांच्या. अंगणातल्या शेवाळावर घसरल्या, सांधा बदलावा लागला. पहिले काही आठवडे हात झोळीत, मग हळूहळू व्यायाम. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र सांगे, "हात हलवू नका, आराम करा." खिदमत म्हणजे केवळ घास भरवणे नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, सांगितला तेवढाच, रोज करून घेणे हीदेखील खिदमतच आहे.

दुसरे टोकही आहे. सजद्यातून उठताना भार हातांवर येतो आणि सुरुवातीचे काही महिने तोच टाळायचा असतो. आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत शरीयतने दिलेलीच आहे. फुफींना ती घेताना संकोच वाटे. तो संकोच दूर करणे हे घरच्यांचे आणि इमामसाहेबांचे काम.

२०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. पण घरी पाठवल्यानंतरच्या तपासण्या-औषधांची जबाबदारी ती फक्त १५ दिवस घेते. खांदा सावरायला सहा महिने ते वर्ष लागते. काशीदहून अलिबाग सुमारे ३० किलोमीटर. एका हाताने एसटीचा दांडा धरून म्हाताऱ्या बाईने आठवड्यातून दोनदा जायचे कसे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, ही मागणी आपण ग्रामसभेत मांडली पाहिजे. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. ऑपरेशनसाठी जमातीकडे मदत मागताना कुणी लाजत नाही, देणारेही मागे हटत नाहीत. त्याच फंडातून व्यायामाला जाण्या-येण्याचे रिक्षाभाडेही मिळावे. त्याशिवाय ऑपरेशनवर घातलेला पैसा अर्धा वाया जातो आणि हात खालीच राहतो.