हंसाचीं पिल्लें आणि आमचें आरंभशूरत्व

अंडीं उबविण्याचें यंत्र आज टेबलाच्या कोपऱ्यावर मावतें व बाजारांत कोणासही विकत मिळतें. तेव्हां ज्यांस आपण सरसकट बदकें म्हणतों, त्यांतील मोठ्या, लांब मानेच्या पाळीव हंसांचीं पिल्लें घरींच काढावीं, अशी हौस सुशिक्षित कुटुंबांत उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. या हौसेस हसणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. पक्षी पाळणें हें हलक्या माणसांचें काम, ही समजूत जितक्या लवकर नाहींशी होईल तितकें बरें. परंतु ज्या कामाचा आरंभ सोपा, त्याचा शेवटही सोपाच असणार, हा जो ग्रह आमच्या हाडींमाशीं खिळला आहे, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे.

कोंबडीचें अंडें 21 दिवसांत फुटतें; हंसाच्या अंड्यास 28 ते 31 दिवस लागतात. तितके दिवस यंत्रांतील उष्णता 37.5 अंशांच्या आसपास राखावी लागते, अंडीं दिवसांतून अनेक वेळां फिरवावीं लागतात, आणि शेवटचे सुमारें तीन दिवस तें फिरविणें थांबवून ओलावा वाढवावा लागतो. वैशाखांत आमच्याकडे पारा 40 अंशांवर चढतो. तेव्हां बंद खोलींतील यंत्रास भीति थंडीची नसून अति तापण्याची असते.

इतकें करून पिल्लूं बाहेर आलें, म्हणजे काम संपलें असें नव्हे. तें तेव्हां सुरू होतें. पहिल्या आठवड्यांत सुमारें 32 अंशांची ऊब हवी. पुढें ती क्रमानें कमी करावी. गुळगुळीत फरशीवर पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून खालीं खरखरीत अंथरूण हवें. आईवांचून वाढणाऱ्या पिल्लाची लव पाण्यांत लवकर भिजते, म्हणून भांडें उथळ हवें. कोवळें गवत हवें, व सोबतीस दुसरें पिल्लूं हवेंच हवें.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. यंत्रांतून निघालेलें हंसाचें पिल्लूं प्रथम दिसणाऱ्या हलत्या प्राण्यासच आई मानून त्याच्या मागें चालूं लागतें. ऑस्ट्रियांतील कोनराड लोरेन्ट्स यांनीं ही गोष्ट प्रयोगांनीं विशद केली. त्यांस 1973 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अर्थात् यंत्राची कळ दाबणारा गृहस्थ, त्याची इच्छा असो वा नसो, आईच्या जागीं बसतो. आणि हंस वीस वर्षेंही जगतो!

मग कांहीं महिन्यांनीं पक्षी वाढतो, कर्कश ओरडतो, शेजारी तक्रार करितात, आणि कोणी शहाणा सुचवितो कीं, त्यास पैठणच्या नाथसागरावर सोडून द्यावें. तेथें हिवाळ्यांत हंस येतातच. परंतु तेथें येणारे पट्टेरी डोक्याचे हंस तिबेट-लडाखकडील रानपक्षी आहेत. घरांत वाढलेल्या, जड अंगाच्या व कुत्र्यास न भिणाऱ्या पक्ष्याची त्यांशीं तुलना कसली? हें सोडणें नव्हे, टाकणें होय. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचें तिसरें कलम जनावराच्या संगोपनाचें कर्तव्य तें बाळगणारावर लादतें. आणि उपासमार होईल अशा स्थितींत त्यास टाकून देणें अकराव्या कलमान्वयें गुन्हा आहे.

कोणताही जाणता व्यापारी कोठाराची सोय केल्यावांचून माल मागवीत नाहीं. मग जिवंत प्राण्याविषयींच आपण इतके बेहिशेबी कां असावें? प्रथम परस, गवत, पाणी व रात्रीचें पक्कें खुराडें, नंतर अंडें. ज्यास उत्पन्न हवें, त्यानें हंसापेक्षां कोंबड्यांपासून आरंभ करावा. हंस वर्षांतून थोडीच अंडीं घालतो, आणि कोंबड्यांसाठीं पशुसंवर्धन खात्याचें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आमच्याच छत्रपती संभाजीनगरांत आहे. ज्याच्यापाशीं जागा आहे व सोय नाहीं, त्यानें आधीं सोय करावी. ज्यास दोन्ही नाहींत, त्यानें हौस आवरावी. त्यांत कमीपणा नाहीं.

शाळा, वाचनालयें, मंडळ्या अशीं किती तरी कामें आपण उत्साहानें जन्मास घालतों आणि वर्षाच्या आंत वाऱ्यावर सोडतों. त्यांस तोंड नसतें, म्हणून तीं मुकाट्यानें मरतात. हंसाच्या पिल्लास मात्र तोंड आहे व पायही आहेत. तें ज्याच्या मागें चालूं लागलें, त्यानें अर्ध्या वाटेंत पाठ फिरवूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.